हाक मारल्यावर येणारा शेजार : गोव्यातील ख्रिस्ती समाज आपल्या माणसांना कसा सांभाळतो

गोव्यातील कोणत्याही गावातून जाताना पांढऱ्याशुभ्र चर्चची इमारत नजरेत भरते. फेस्ताच्या दिवसांतली रोषणाई, नाताळचे गोठे, मे महिन्यातल्या लादाइनी यांचाही परिचय बिगरख्रिस्ती शेजाऱ्यांना असतो. मात्र त्या इमारतीभोवती उभी असलेली, सहसा न दिसणारी दुसरी एक रचना आहे. घरात कुणी आजारी पडले, कर्ता माणूस गेला, मुलांची फी थकली, म्हातारे आई-वडील एकटे पडले, तर कुणाला कळवायचे, कुणी धावून जायचे, पैसे कुठून यायचे आणि अंत्यसंस्काराला खांदा कुणी द्यायचा, याचे काही लिखित व काही अलिखित नियम या समाजाने शतकानुशतके जपले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या साधारण साडेचौदा लाख लोकसंख्येत ख्रिस्ती धर्मीयांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे राज्यातला प्रत्येक चौथा माणूस या व्यवस्थेच्या कक्षेत येतो. ही व्यवस्था कशी घडली, ती चालते कशी आणि आज तिच्यापुढे कोणते प्रश्न आहेत, हे समजून घेणे म्हणूनच केवळ एका धर्माचा विषय उरत नाही.

मूळ कल्पना

परस्परसाहाय्याची ही कल्पना ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात जेरुसलेममधील पहिल्या श्रद्धावंतांनी आपली मालमत्ता एकत्र केल्याचे व ज्याला जशी गरज तसे वाटप केल्याचे वर्णन आहे. त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात एक तक्रारही नोंदवली आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ती तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून वाटपाच्या कामासाठी सात माणसे निवडण्यात आली. मदत करणारा समाज उभा राहताच ‘मदत कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही’ हा प्रश्नही उभा राहतो, हे या प्रसंगातून दिसते. गोव्यातील चर्चच्या इतिहासातही हा प्रश्न वारंवार डोके वर काढतो.

मध्ययुगीन युरोपात या विचाराला ‘दयेची चौदा कृत्ये’ असे सूत्रबद्ध रूप मिळाले. त्यांपैकी सात देहाच्या गरजांशी निगडित आहेत : भुकेल्याला अन्न देणे, तहानलेल्याला पाणी देणे, उघड्याला वस्त्र देणे, वाटसरूला आसरा देणे, आजाऱ्याची विचारपूस करणे, बंदिवानाला भेटणे आणि मृताला मूठमाती देणे. उरलेली सात अज्ञान, दुःख, अपराध यांसारख्या मनाच्या व आत्म्याच्या गरजांविषयी आहेत. आजच्या कॅथलिक धर्मविधीसंहितेतही हा धागा कायम आहे. १९८३ मध्ये जारी झालेल्या या संहितेने चर्चच्या मालमत्तेचे जे हेतू सांगितले आहेत, त्यांत उपासना व धर्मगुरूंचा निर्वाह यांच्या जोडीला गरजूंसाठीचे कार्यही आहे. फिर्गजेच्या म्हणजे धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूने आपल्या लोकांची घरे ओळखावीत, आजारी, मरणासन्न, गरीब, एकाकी व घरापासून दुरावलेल्या माणसांकडे विशेष लक्ष द्यावे, असेही ती सांगते. गरिबांची काळजी घेणे हे अशा रीतीने धर्मगुरूच्या कर्तव्यांतच मोडते.

मिझेरिकॉर्दियापासून प्रोवेदोरियापर्यंत

पोर्तुगालमध्ये राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने १४९८ साली लिस्बन येथे ‘मिझेरिकॉर्दिया’ म्हणजे दयेचा बंधुसंघ स्थापन झाला. वर उल्लेखिलेली चौदा कृत्ये हाच त्याचा कार्यक्रम होता. पोर्तुगीज जिथे जिथे गेले, तिथे तिथे हा संघ गेला. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुने गोवे येथेही ‘सांता काझा द मिझेरिकॉर्दिया’ उभी राहिली. इस्पितळ चालवणे, तुरुंगातील कैद्यांना अन्न पुरवणे, फाशीच्या कैद्याला अखेरपर्यंत सोबत करून त्याचे दफन करणे, अनाथ मुलींच्या हुंड्याची तरतूद करणे, अशी तिची कामे होती. आशियात मरण पावलेल्या पोर्तुगिजांची मालमत्ता त्यांच्या मायदेशातील वारसांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारीही तिच्याकडे होती. त्या काळच्या मानाने ही संस्था रुग्णालय, अनाथालय आणि विश्वस्त कचेरी अशा तिन्ही भूमिका बजावत असे.

सतराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या काळात स्त्रियांसाठी दोन आश्रयगृहे आकाराला आली. एक ‘नोसा सिन्योरा द सेर्रा’ या नावाचे, अनाथ मुली व निराधार स्त्रियांसाठी. दुसरे संत मारिया माग्दालेना हिच्या नावाचे, समाजाने नाकारलेल्या स्त्रियांसाठी. पुढे साथीच्या रोगांनी जुने गोवे ओस पडले, राजधानी पणजीला हलली, मिझेरिकॉर्दियाचे वैभव ओसरले. तरीही तिच्या शब्दसंपदेचा ठसा आजच्या गोव्यावर आहे. त्या बंधुसंघाचा प्रमुख ‘प्रोवेदोर’ म्हणवला जाई. राज्य सरकारच्या सार्वजनिक साहाय्य संस्थेला सामान्य गोमंतकीय आजही ‘प्रोवेदोरिया’ म्हणून ओळखतो, आणि तिच्या वृद्धाश्रमांचा आधार सर्व धर्मांच्या ज्येष्ठांना मिळतो. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील वृद्धाश्रमाच्या नावात ‘सेर्रा’ हा शब्द टिकून आहे.

मिझेरिकॉर्दियाची उजळ बाजू सांगताना तिची मर्यादाही सांगायला हवी. तिचे सदस्यत्व प्रामुख्याने पोर्तुगीज पुरुषांपुरते होते. स्थानिक ख्रिस्ती माणूस तिच्या इस्पितळात रुग्ण म्हणून येऊ शके. बंधुसंघाचा ‘बंधू’ म्हणून त्याला स्थान मिळणे दुरापास्त होते. आपली व्यवस्था त्याला आपल्या गावातच उभारावी लागली.

कन्फ्रारिया : मरणाच्या दारातला विमा

गावाच्या चर्चमधील ही स्थानिक व्यवस्था म्हणजे ‘कन्फ्रारिया’. गोव्यातील चर्चच्या कारभारात दोन जुन्या संस्था आढळतात. ‘फाब्रिका’ इमारत, जमीनजुमला व देखभाल पाहते. कन्फ्रारिया हा एखाद्या संताच्या किंवा श्रद्धेच्या नावाने एकत्र आलेल्या सदस्यांचा बंधुसंघ असतो. फेस्ताच्या मिरवणुकीत पांढरी ओपा व तीवर रंगीत मुर्सा पांघरून चालणारी माणसे या संघाची असतात. हिंदू देवस्थानांच्या महाजनकीशी परिचित असलेल्या वाचकाला या रचनेतील बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील. सदस्यत्व वंशपरंपरेने चालत येते, उत्सवाचे मान ठरलेले असतात आणि हिशेबाची वही असते.

सामान्य कुटुंबाला कन्फ्रारियाचे मोल कळे ते मृत्यूच्या प्रसंगी. चर्चची घंटा विशिष्ट पद्धतीने वाजू लागली की गावाला कुणीतरी गेल्याचे समजते. सदस्याचा मृत्यू झाला तर संघाचे बंधू क्रूस व मेणबत्त्या घेऊन अंत्ययात्रेला हजर राहत, दफनभूमीत त्याचा हक्क सांभाळत आणि त्याच्या आत्म्यासाठी ठरावीक मीसांचा म्हणजे प्रार्थनाविधींचा खर्च संघ उचलत असे. मरणाचा खर्च गरिबाला कर्जात लोटणारा असतो. वर्षानुवर्षे भरलेल्या लहानशा वर्गणीच्या बदल्यात तो खर्च वाटून घेणारी ही व्यवस्था आजच्या भाषेत सामूहिक विम्याच्या जवळ जाणारी होती.

मृतांच्या स्मरणातून जिवंतांची भूक भागवणारी आणखी एक प्रथा गोव्यातील ख्रिस्ती घरांत आहे. लग्नापूर्वी पूर्वजांच्या नावे गरिबांना घरी बोलावून जेवू घातले जाते. ‘भिकाऱ्यांचे जेवण’ या नावाने ती ओळखली जाते. पितरांच्या नावे अन्नदान करण्याचा जुना संस्कार धर्म बदलल्यावरही टिकून राहिल्याचे हे उदाहरण आहे.

मात्र कन्फ्रारियांनी जातही सांभाळली. बामण, चार्दो, सुदीर अशी विभागणी अनेक गावांत बंधुसंघांच्या रचनेतही उतरली. कुणाची मुर्सा कोणत्या रंगाची, फेस्त कुणी साजरे करायचे, कुणाला प्रवेशच नाही, यांवरून सासष्टीतील काही गावांत दीर्घकाळ वाद चालले. गावकार आणि बिगरगावकार हा भेदही त्यात मिसळला. अनेक ठिकाणी फेस्ते सर्वांसाठी खुली झाली आहेत. काही ठिकाणी जुने अधिकार अजून सोडवत नाहीत. जो संघात नाही त्याच्या मरणाला कोण जाणार, हा जेरुसलेमच्या विधवांचा प्रश्न गोव्याच्या गावांतही होता.

इस्पितळाच्या पायरीवर

जातीच्या व सदस्यत्वाच्या कुंपणापलीकडे जाण्याचे मोठे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाले. मडगाव येथे १८६७ साली पाद्री आंतोनियु जुआंव द मिरांद यांनी निराधार व आजारी माणसांसाठी ‘होस्पिसियु’ स्थापन केला. दक्षिण गोव्यातील कित्येक पिढ्या त्या नावाच्या इस्पितळातच जन्मल्या आणि बऱ्या झाल्या. पुढे ते सरकारी इस्पितळ झाले, तरी लोकांच्या तोंडी ‘होस्पिसियु’ हेच नाव राहिले. उत्तरेत म्हापशाचे ‘आझिलो’ही याच वळणाचे आहे. त्या नावाचा अर्थच आश्रयस्थान असा आहे. दोन्ही ठिकाणी धर्मादाय आसऱ्याचे रूपांतर कालांतराने सार्वजनिक आरोग्यसेवेत झाले. चर्चच्या समाजाने एका गरजेची दखल आधी घ्यावी आणि पुढे ती जबाबदारी राज्याने स्वीकारावी, हा क्रम गोव्यात अनेकदा दिसतो.

परगावातले गाव : मुंबईची कूड

गोव्याच्या ख्रिस्ती समाजाने परस्परसाहाय्याचा सर्वात अस्सल नमुना घडवला तो मात्र गोव्याबाहेर. एकोणिसाव्या शतकात शेतीवर भागेना तेव्हा गोमंतकीय तरुण मुंबईकडे निघाले. कुणी आगबोटीवर तारवटी झाला, कुणी स्वयंपाकी, कुणी शिंपी, कुणी बॅंडमध्ये वाजवणारा. बोटीची नोकरी अखंड नसते. दोन सफरींच्या मधले महिने काढायला जागा हवी असते. या गरजेतून धोबीतलाव, कावेल, गिरगाव, माझगाव या भागांत ‘कूड’ उभी राहिली. कूड म्हणजे खोली. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली किंवा मजला, अशी ही संस्था. एकेकाळी मुंबईत अशा तीनशेहून अधिक कुडी होत्या. धोबीतलावच्या ‘जेर महाल’ या इमारतीत अनेक गावांच्या कुडी वर-खाली नांदत होत्या.

कुडीत शिरताच भिंतीलगत ओळीने ठेवलेल्या पेट्या दिसत. प्रत्येक सदस्याची एक पेटी, रात्री अंथरण्यापुरती जागा आणि समोर गावच्या संताची वेदी, एवढाच तिचा संसार. महिन्याची वर्गणी अगदी थोडी असे. संध्याकाळी तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणायची, वेळेत परत यायचे, भांडण करायचे नाही, असे नियम असत. या शिस्तीच्या मोबदल्यात माणसाला बरेच काही मिळे. नोकरी नसताना डोक्यावर छप्पर राही, कोणत्या कंपनीत भरती चालू आहे याची खबर मिळे, कागदपत्रांसाठी लिहिता-वाचता येणारा सोबती मिळे, आजारपणात शुश्रूषा होई आणि मरण आले तर शंभर कोसांवर का होईना, आपल्या गावच्या माणसांच्या खांद्यावरून जाण्याची खात्री असे. कुडीच्या शिलकीतून गावच्या चर्चच्या दुरुस्तीलाही हातभार लागत असे.

कुडीलाही मर्यादा होत्या. ती पुरुषांसाठी होती. बायकांच्या वाट्याला ही सोय क्वचितच आली. अनेक कुडींच्या नियमांत गावाबरोबर जातही होती. आज बोटीची भरती, विमानप्रवास आणि मोबाइल यांमुळे कुडींची गरज घटली आहे. मुंबईतल्या मोक्याच्या जागांवर बांधकाम व्यावसायिकांचे लक्ष आहे. तरी बोटीची वाट पाहणारा तरुण किंवा टाटा रुग्णालयात उपचारासाठी गेलेल्या रुग्णाचा नातेवाईक यांच्यासाठी परवडणारी आणि ओळखीची जागा म्हणून कुडीचे मोल संपलेले नाही.

या स्थलांतराला आणखी एका गोष्टीचे पाठबळ होते. गोव्यातील फिर्गजांच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. हेतू चर्चमधील गायनाचा असला तरी तीच विद्या पुढे पोट भरण्याचे साधन झाली. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाची घडण करणाऱ्यांत गोमंतकीय वादक आघाडीवर होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले ठळक नाव. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते. हातात कसब देणे ही सुद्धा गरज भागवण्याचीच एक रीत आहे, आणि भिक्षेपेक्षा ती अधिक टिकते.

वसईचा धडा : दानाऐवजी पत

मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने हेच तत्त्व पैशाच्या व्यवहारात आणले ते वसईत. तिथला कॅथलिक समाज मुख्यतः शेतकरी. केळी, पानवेल, भाजीपाला, फुले यांवर त्याची गुजराण. पीक हाती येण्याआधी पैसा लागे आणि तो सावकाराकडून चढ्या व्याजाने घ्यावा लागे. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी १९१८ साली सहकारी पतसंस्थेची स्थापना केली. भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला होता. त्या चौकटीचा त्यांनी उपयोग केला. फिर्गजेतील माणसे एकमेकांना ओळखतात, कोण कष्टाळू व कोण वचनाचा पक्का हे ठाऊक असते, आणि कर्ज बुडवून दर रविवारी त्याच लोकांसमोर उभे राहणे अवघड असते. हा परस्परविश्वास म्हणजेच तिचे तारण. त्या रोपट्याची पुढे बॅसिन कॅथलिक सहकारी बँक झाली आणि आज ती शेड्युल्ड नागरी सहकारी बँक आहे.

दान आणि पत यांतला फरक येथे नीट समजून घेण्याजोगा आहे. दान घेणारा देणाऱ्याच्या उपकाराखाली राहतो. पतसंस्थेचा सदस्य कर्जदार असतो तसा मालकही असतो. गरज दोन्हीकडे भागते, पण दुसऱ्या रीतीत माणसाची मान ताठ राहते.

आज मदत पोहोचते कशी?

आजच्या गोव्यात फिर्गजेतील मदतीचे काम साधारण तीन पातळ्यांवर चालते. सर्वात खालची पातळी म्हणजे ‘लहान ख्रिस्ती समूह’. पूर्व आफ्रिकेतील बिशपांनी १९७० च्या दशकात पुढे आणलेली ही कल्पना आज भारतातील अनेक धर्मप्रांतांत रुजली आहे. एका वाड्यावरील शेजारची काही घरे मिळून एक समूह होतो. तो ठरावीक काळाने कुणाच्या तरी घरी जमतो, बायबलचा उतारा वाचतो आणि मग बोलणे ओघानेच वाड्यावरच्या माणसांकडे वळते. कुणाचे ऑपरेशन आहे, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरचा दिवा दोन दिवस दिसला नाही, हे येथे कळते. मोठ्या फिर्गजेत धर्मगुरूला हजारो माणसे असतात. इतक्यांची खबर एका माणसाला राहणे अशक्य. समूहाची खरी कामगिरी म्हणूनच खबर ठेवण्याची आहे. रक्तदाता शोधणे, आजाऱ्याला इस्पितळात नेणे, घरी आळीपाळीने जेवण पोहोचवणे, सरकारी योजनेचा अर्ज भरून देणे, ही कामे पैशाविना, केवळ माहितीवर होतात.

दुसरी पातळी ‘संत विन्सेंट दि पॉल सोसायटी’ची. फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १८३३ मध्ये पॅरिसमध्ये काही मित्रांसह ती सुरू केली. तिच्या कामाची पद्धत साधी व ठाम आहे. गरजू कुटुंबाला चर्चमध्ये बोलवायचे नाही, आपण त्याच्या घरी जायचे. एकट्याने जायचे नाही, दोघांनी जायचे. परत आल्यावर बैठकीत चर्चा करून मदत ठरवायची आणि नावे बाहेर फोडायची नाहीत. बैठकीत सदस्यांमधून एक पिशवी फिरते व प्रत्येक जण तीत मूठ घालतो. कुणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळत नाही. घेणाऱ्याचे नाव गुप्त राहते आणि देणाऱ्याची रक्कमही गुप्त राहते. शिधा, औषधे, शाळेची फी, घराच्या कौलांची डागडुजी अशा स्वरूपाची मदत येथून मिळते.

तिसरी पातळी धर्मप्रांताची. कॅथलिक बिशपांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये ‘कारितास इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. गोवा व दमण धर्मप्रांतात ‘कारितास गोवा’ समाजकार्य पाहते. एका गावाच्या आवाक्याबाहेरची कामे, जसे विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण, आपत्तीतील मदत, दीर्घकाळ आधार लागणाऱ्या रुग्णांची व्यवस्था, या पातळीवर होतात. या कामांत लाभार्थीचा धर्म विचारला जात नाही, हा कारितासच्या जगभरातील कार्याचा मूलभूत नियम आहे.

पैसा येतो मुख्यतः सामान्य माणसाच्या खिशातून. रविवारच्या मीसातील अर्पण, संत अँथनीच्या नावाने ठेवलेली गरिबांसाठीची पेटी, चाळीस दिवसांच्या उपवासकाळातील विशेष संकलन, परदेशी गेलेल्यांनी पाठवलेली रक्कम हे त्याचे प्रमुख स्रोत आहेत. उपवासकाळात मांस-मच्छी, मद्य सोडून वाचलेला पैसा भुकेल्यासाठी बाजूला काढावा, ही त्यामागील धारणा. प्रत्येक फिर्गजेत आर्थिक बाबींसाठी परिषद असावी, असे धर्मविधीसंहितेत बंधनकारक आहे आणि तीत सामान्य श्रद्धावंतांचा सहभाग असतो. हिशेब उघड मांडणारी फिर्गज आणि न मांडणारी फिर्गज यांच्या दानपेट्यांतला फरक लोकांना चांगला कळतो.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांची रचना थोडी वेगळी असते. नागपूर येथे १९७० मध्ये अनेक पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ निर्माण झाले. त्यात मंडळीने निवडलेली समिती, पाळक, महिलांचा संघ व तरुणांचा संघ मिळून भेटीगाठी व मदत पाहतात. गोव्याच्या उत्तरेला सुरत शहराकडे पाहिले तर तिथे १८१५ पासून लंडन मिशनरी सोसायटी आणि १८४० च्या दशकापासून आयरिश प्रेस्बिटेरियन मिशन यांचे काम होते. त्याच सुरतेत नवागाम-डिंडोलीच्या परिसरात आज खानदेशातून पोटासाठी गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. धर्म कोणताही असो, गाव सोडून यंत्रमागावर किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाची पहिली गरज मुंबईच्या तारवट्याची होती तीच असते. आजारी पडलो तर कुणाला हाक मारायची, हा त्याचा प्रश्न असतो.

बदललेल्या गरजा

गोव्यात आज हा प्रश्न उलट्या दिशेने परतला आहे. पूर्वी गेलेला तरुण एकटा पडे. आता मागे राहिलेले म्हातारे एकटे पडतात. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण अकरा टक्क्यांहून अधिक होते. केरळनंतर देशात गोव्याचाच क्रमांक लागला. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे असंख्य कुटुंबे इंग्लंड व युरोपात गेली. स्विंडनसारख्या इंग्रजी शहरात गोमंतकीयांची मोठी वस्ती झाली. पैसा येतो, घराला रंग लागतो, पण रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर दार उघडायला कुणी नसते. सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून दरमहा साहाय्य मिळते, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून उपचाराचा काही भार उचलला जातो. सोबत मात्र कोणत्याही योजनेतून मिळत नाही. ती शेजाऱ्यालाच द्यावी लागते.

चर्चच्या माणसांनी घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना प्रसाद देण्याची प्रथा म्हणूनच आता केवळ धार्मिक विधी राहिलेली नाही. कित्येक वृद्धांसाठी आठवड्यात घरात येणारा तोच एक माणूस असतो. औषधे संपली आहेत, पायाला सूज आहे, जेवण नीट होत नाही, हे त्यालाच दिसते. परंतु हे काम करणारे हात कमी होत आहेत. समूहांच्या बैठकांना येणाऱ्यांत महिलांचे, त्यातही पन्नाशीपुढच्या महिलांचे प्रमाण जास्त असते. तरुण नोकरीत, बोटीवर किंवा परदेशात. आज ज्या सेवा देत आहेत, त्यांनाच दहा-पंधरा वर्षांनी सेवेची गरज भासेल. तेव्हा दार कोण ठोठावणार, हा प्रश्न फार दूरचा नाही.

दुसरा प्रश्न नव्याने आलेल्यांचा. झारखंड, ओडिशा, कर्नाटक येथून कामासाठी आलेल्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. त्यांच्यासाठी काही चर्चमध्ये हिंदी व कन्नड मीस होते. मीस मिळते, पण वाड्यावरच्या समूहात जागा मिळते का? भाड्याच्या खोलीत राहणारा, दर वर्षी पत्ता बदलणारा मजूर कुणाच्या यादीत येतो? तो कन्फ्रारियाचा वारसदार नाही, गावकार नाही, दफनभूमीत त्याच्या घराण्याची जागा नाही. मुंबईच्या कुडीत गोमंतकीयाला जे मिळाले, ते गोव्यात आलेल्या परक्याला मिळते की नाही, यावर या परंपरेची खरी कसोटी लागेल.

तिसरा प्रश्न मदतीच्या आवाक्याचा. मोठ्या शस्त्रक्रियेचा, व्यसनमुक्तीचा किंवा मनोविकारावरील दीर्घ उपचारांचा खर्च फिर्गजेच्या निधीला झेपणारा नसतो. दारूने उद्ध्वस्त होणारे घर गावाला दिसते, पण लाजेपोटी त्याविषयी समूहात बोलले जात नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारख्या स्वयंसाहाय्य गटांना अनेक ठिकाणी चर्चच्या वास्तूत बैठकीसाठी जागा मिळते, ही जमेची बाजू. आपण जे करू शकत नाही ते करणाऱ्याला जागा देणे, हेही मोठेच साहाय्य असते.

शेवटी उरते ते

चारशे-पाचशे वर्षांच्या या वाटचालीत संस्थांची नावे बदलली, वस्त्रे बदलली, भाषा बदलली. मिझेरिकॉर्दियाचे काम सरकारकडे गेले, होस्पिसियुचे इस्पितळ झाले, कुडींच्या पेट्या कमी झाल्या. तरीही प्रत्येक टप्प्यावर टिकलेली व्यवस्था तीच, जिथे गरजू माणसाला स्वतः येऊन हात पसरावा लागला नाही. त्याची अडचण शेजाऱ्याला आधीच ठाऊक होती. आणि प्रत्येक टप्प्यावर ती अपुरी ठरली ती तिथेच, जिथे ‘आपला’ या शब्दाची व्याख्या आखूड केली गेली.

गोव्यातील गावांत चर्च, देऊळ आणि मशीद एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. मागे राहिलेले वृद्ध, कर्जात बुडालेले कुटुंब, भाड्याच्या खोलीतला आजारी मजूर हे कोणत्याही एका धर्माच्या वाट्याचे नाहीत. वाड्यावरील पंधरा-वीस घरांनी एकमेकांची खबर ठेवावी, दोघांनी मिळून आजाऱ्याच्या घरी जावे, नाव न फोडता मदत करावी आणि हिशेब उघड ठेवावा, एवढ्या चार गोष्टींना ना मोठा निधी लागतो ना मोठी इमारत. ख्रिस्ती समाजाने त्या आपल्या रीतीने अमलात आणून पाहिल्या आहेत. त्यांतल्या चुकांसह त्या समजून घेतल्या, तर गोव्याच्या प्रत्येक वाड्यावर त्यांचा उपयोग होऊ शकेल.